सूर्यास्त कोणत्या गावचा?

विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ असते, उतरण्याची वेळ असते, सामानाचे किलो असतात, आसनाचा क्रमांक असतो. सूर्यास्ताची वेळ तेवढी नसते. ती असावी अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. परंतु ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम आहे, त्या घराला प्रवासाचा सारा बेत या न छापलेल्या वेळेभोवती आखावा लागतो. कोणी त्याला चौविहार म्हणतात, कोणी रात्रिभोजनत्याग. नाव काहीही असो, बेत आखणाऱ्याची कसरत एकच असते.

विमानप्रवासाचे अप्रूप आता आपल्याकडे उरलेले नाही. माझ्या वडिलांनी पहिला विमानप्रवास केला तेव्हा त्यांना पोहोचवायला घरातली अकरा माणसे विमानतळावर गेली होती. आज इचलकरंजीचा कापडवाला किंवा सांगलीचा हळदीचा व्यापारी सकाळी दिल्लीला जाऊन, देणेकऱ्याला भेटून, रात्री घरी परततो आणि त्याची वार्ता शेजाऱ्यालाही नसते. सोय वाढली, त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. दोन तास आधी पोहोचा, कमरेचा पट्टा काढा, पुन्हा बांधा, सातऐवजी साडेसात किलो भरलेल्या पिशवीतून सर्वांदेखत एखादा डबा बाहेर काढा. पूजेसाठी नेलेले सुके खोबरे सामानात निघाले तर तेही ठेवून जा, कारण त्यातील तेलामुळे ते ज्वालाग्राही पदार्थांत मोडते. नवराबायकोला शेजारी बसायचे असेल तर त्याचे पैसे निराळे. एकाच विमानातील एकाच रांगेतील तिघांनी तीन वेगळे भाव मोजलेले असतात. आपल्या दुकानात एकाच ताग्याचे सकाळी एक, दुपारी दुसरे आणि गिऱ्हाईकाची गरज पाहून तिसरे मोल सांगितले, तर पेठेत आपल्याविषयी काय बोलले जाईल ते आपण जाणतो. पण ही झाली किरकोळ कुरबुर. माणूस तिला सरावतो, मीही सरावलो आहे. ज्या गोष्टीला सरावता आले नाही, ती सांगण्यासाठी हा लेख.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आईला घेऊन मी सम्मेद शिखरजीच्या यात्रेला निघालो. आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी डोळ्यांनी पाहावी, एवढी एकच इच्छा तिने अलीकडच्या काळात बोलून दाखविली होती. पुण्याहून विमानाने कोलकाता, रात्री तिथे मावसबहिणीकडे मुक्काम, पहाटेच्या रेल्वेने पारसनाथ आणि तिथून मोटारीने मधुबन, असा बेत ठरला. पर्वतावरची वंदना सत्तावीस किलोमीटरची. नऊ चढणीचे, नऊ वरच्या टोकांचे आणि नऊ उतरणीचे. त्यासाठी डोलीची व्यवस्था करायची होती. सारे ठरले आणि मग लक्षात आले, की निघण्याचा दिवस नेमका अष्टमीचा आहे.

अष्टमी-चतुर्दशीला आई एकासन करते. दिवसातून एकदाच अन्न, तेही एका बैठकीत. पाणीही त्याच वेळी. पाटावर बसली की जेवण संपेपर्यंत उठायचे नाही, आणि मध्येच उठावे लागले तर जेवण तिथेच संपले. तारीख बदलावी असे मी सुचविले. तिला ते पटले नाही. तिचा हिशेब सरळ होता. विमान सकाळी ११.४० चे आहे. सव्वादोनला कोलकात्यात उतरते. सव्वातीनच्या आत मावसबहिणीच्या घरी पानावर बसता येईल. कोलकात्याचा डिसेंबरातला सूर्यास्त पाचला पाच मिनिटे कमी असताना होतो. आई सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच, हात धुते. तरीही पाऊण तास हाताशी राहत होता.

सकाळचे आणखी एक विमान होते. त्याने गेलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याचे तिकीट माणशी अठराशे रुपयांनी महाग होते, आणि त्या विमानासाठी पहाटे निघताना आईचे मंदिरातील दर्शन राहून जात होते. दर्शनाचे कारण मी घरात मोठ्याने सांगितले. अठराशे रुपयांचे मनात ठेवले.

विमानतळावर पोहोचलो तेव्हा सर्व काही वेळेवर होते. सव्वाअकराला पहिली घोषणा झाली: येणारे विमान उशिरा असल्यामुळे उड्डाण १२.१५ ला होईल. बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरी घोषणा झाली: १२.४५. मग दीड. मग सव्वादोन. प्रत्येक घोषणेचा सूर असा, की आता फार तर अर्धा-पाऊण तास. आमच्याजवळ डबा होता. दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेप्रवासासाठी बायकोने दशम्या, तिळाची चटणी आणि मेतकूट बांधून दिले होते. पाण्याची बाटली होती. कोपऱ्यात बसायला जागाही होती. साडेबाराच्या सुमारास मी आईला म्हणालो, "इथेच जेवून घे. कोलकात्याच्या घरचे काही खरे दिसत नाही."

तिने घड्याळाकडे पाहिले. "पाऊण वाजता विमान आहे म्हणताहेत ना? मी घास घेतला आणि त्यांनी बोलावले, तर मला उठावे लागेल. उठले की संपले."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. एकासनाला बसणाऱ्याला निदान वीस मिनिटांची खात्री लागते. आमच्याजवळ चार तास होते. फक्त ते आहेत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. दर अर्ध्या तासाला ती डब्याकडे पाही आणि दर अर्ध्या तासाला पुढची घोषणा तिला थांबवी. दोनदा मी खिडकीपाशी जाऊन विचारले. तिथली मुलगी माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने पडद्यावर पाहून तीच वेळ सांगितली, जी फलकावर होती. तिला याहून अधिक ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून बोलण्याची मुभा नसावी. तिच्यावर मी रागावलो नाही, एवढे एक त्या दिवसाबद्दल समाधानाने सांगता येते.

शेवटी आईनेच तोड काढली. "विमानात बसल्यावर जेवते. तिथून अडीच तास कोणी उठवणार नाही." तोड उत्तम होती. तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही विमानात बसलो. दारे लागली आणि विमान जागच्या जागी उभे राहिले. आमच्या पुढे उड्डाणासाठी रांग होती. पुण्याचे लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे. तिथल्या एकाच धावपट्टीवर नागरी विमानांना आपली पाळी धरावी लागते, आणि एकदा पाळी चुकलेले विमान पुन्हा मागून रांगेत येते. पट्टे बांधलेले, समोरचा फळा मिटलेला. डबा उघडू का, असे मी विचारले. विमान कोणत्याही क्षणी हलेल, असे नम्रपणे उत्तर मिळाले. ते हलले पाच कमी चारला. पट्टे सोडण्याचा दिवा विझला तेव्हा सव्वाचार झाले होते. कोलकात्याच्या हिशेबाने आईची वेळ चार वाजून सात मिनिटांनी संपली होती.

आठ मिनिटे. मी वाद घातला. पुण्याचा आजचा सूर्यास्त सहाचा आहे, असे मी म्हणालो. आपण पुण्याहून निघालो, घरच्या पंचांगाप्रमाणे पाच वाजून बारा मिनिटांपर्यंत वेळ आहे. खिडकीतून दाखविले: बाहेर लख्ख ऊन होते. खालचे गाव सोलापूरच्या आसपासचे असेल, तिथेही सूर्य मावळायला दीड तासाहून अधिक अवकाश होता.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे मला नंतर उमगले. विमान पूर्वेकडे जाते तेव्हा ते सूर्यास्ताला सामोरे जात असते. भारतात घड्याळ एकच, पण सूर्य प्रत्येक गावाचा निराळा. पुणे आणि कोलकाता यांच्या डिसेंबरातल्या सूर्यास्तात तासाहून अधिक अंतर आहे. ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने पूर्वेला जाणाऱ्याला संध्याकाळ वाटेतच कुठेतरी गाठते, आणि ती जागा कोणत्याही पंचांगात नसते. त्यात आणखी एक मौज आहे. पस्तीस हजार फुटांवरून क्षितिज खाली झुकलेले दिसते. त्यामुळे खालच्या गावाचा सूर्य मावळल्यावरही उंचावरच्या माणसाला तो साधारण बारा ते पंधरा मिनिटे दिसत राहतो. याउलट, दुपारी मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानात सूर्य प्रवाशाबरोबर चालतो आणि संध्याकाळ लांबतच जाते. मग नियम कोणत्या सूर्याचा पाळायचा? निघालेल्या गावाच्या, खालच्या गावाच्या, खिडकीतल्या की उतरायच्या गावाच्या? आपल्यापैकी कोणी एक उत्तर देतात, कोणी दुसरे. मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांची उत्तरे जुळली नाहीत.

आईला या कशाचीच गरज पडली नाही. ती म्हणाली, "तिकीट कोलकात्याचे आहे ना? मग सूर्यही कोलकात्याचाच." डबा तिने पिशवीत ठेवला, डोळे मिटून चारी आहारांचा त्याग केला, आणि णमोकार म्हणत बसली. साडेपाचच्या सुमारास विमानाच्या पंखावरचा प्रकाश तांबूस झाला. सूर्य आमच्या पाठीमागे होता. तो मावळताना आम्हाला दिसला नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला ती जेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रेल्वेत, तिने त्याच दशम्या खाल्ल्या. मध्ये अडतीस तास गेले. तिला काही झाले नाही. झाले ते मला. रात्रभर मी तिच्या श्वासाकडे कान लावून जागा होतो. सकाळी ती म्हणाली, "उपवास मी केला, तू कशाला रागावतोस?"

रागाचे कारण त्या रात्री फोनवर कळले होते. माझ्या पुतणीला अशा गोष्टींत गती आहे. कोणते विमान कुठे आहे, कधी उडाले, कधी उतरले, हे दाखविणारी साधने आता कोणाच्याही फोनवर असतात. फ्लाइटरडार२४ हे त्यांपैकी एक. तिने आमच्या विमानाचा दिवसभराचा प्रवास काढून पाहिला. आम्हाला घेऊन जाणारे विमान सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकले होते. ते तिथून उडाले १२.४५ ला, म्हणजे ज्या वेळी ते पुण्याहून आम्हाला घेऊन निघेल असे आम्हाला सांगितले होते त्या वेळी. दिल्लीहून पुण्याला दोन तास लागतात. ते पुण्यात उतरले २.५० ला. म्हणजे पाऊण वाजल्यानंतर एवढे तर निश्चित होते, की तीनच्या आत कोणालाही विमानात बोलावले जाणार नाही. आईला पानावर निवांत बसण्यासाठी दोन तास उघडे पडले होते, आणि त्या दोन तासांत आम्हाला "आता दीड", "आता सव्वादोन" असे सांगितले जात होते.

उशीर का होतो हे समजून घेतले, की निम्मा राग ओसरतो. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. प्रत्येक थांब्यावर उतारू उतरविणे, झाडलोट, इंधन आणि नवे उतारू यांसाठी अर्धा-पाऊण तास मिळतो. सकाळी दिल्लीत धुके पडले, की पहिली फेरी दोन तास मागे पडते आणि ती तूट संध्याकाळपर्यंत भरून निघत नाही, उलट वाढते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दिल्लीशी काही संबंध नसलेल्या पुणे-कोलकाता प्रवाशालाही दिल्लीचे धुके भोवते. धुक्याला कोणी काही करू शकत नाही. दिवसाचे पहिले विमान त्यातल्या त्यात वेळेवर सुटते, कारण ते बहुधा आदल्या रात्रीच तिथे येऊन उभे असते. माझे अठराशे रुपये इथे आठवावेत.

पण उरलेला निम्मा राग ओसरत नाही. आपल्या वाडवडिलांनी हुंडीवर व्यवहार केले. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यायचे आणि मुदती हुंडी मुदतीला. मुदत लांबवायची असेल तर ते आधी आणि स्पष्ट सांगायचे. मुदत उलटल्यावर दर अर्ध्या तासाने नवी मुदत सांगणाऱ्याच्या हुंडीला बाजारात कोणी हात लावला नसता. विमानतळावर आपण तीच हुंडी दिवसभर हातात धरून बसतो. उशीर सोसता येतो. एखाद्याने "चार तास लागतील, जेवून या" असे म्हटले, तर माणूस आपला दिवस पुन्हा मांडू शकतो. मांडण्याचे साधनच हातातून काढून घेतले, तर त्याचे सामान आणि तो यांत फरक राहत नाही. आणि सामानाला निदान भूक नसते.

यामागे केवळ बेफिकिरी असेल असेही मला वाटत नाही. खरी वेळ सांगितली तर लोक पांगतील आणि विमान अवचित लवकर आले तर त्यांना गोळा कसे करायचे, ही भीती कंपन्यांना असावी. दुसरे कारण नियमात सापडते, असा माझा तर्क आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर अपेक्षित असेल, तर प्रवाशाला खाणेपिणे द्यावे लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला हीच मर्यादा तीन तासांची आहे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांपैकी प्रवासी मागेल ते द्यावे लागते. आता अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकणाऱ्या उशिराला "तीन तासांचा अपेक्षित उशीर" म्हणायचे केव्हा? आम्हाला खाण्याचे खोके मिळाले ते तीनला पाच मिनिटे असताना, विमान दारात लागल्यावर. त्यात बटाट्याचा समोसा होता आणि फळाच्या रसाची डबी. आईने दोन्ही शेजारच्या विद्यार्थ्याला दिले.

नियमाच्या आणखी काही बाजू व्यापारी घरांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण आपल्याकडे तिकिटे घरातला एखादा मुलगा काढतो आणि बारीक अक्षरे कोणीच वाचत नाही. केवळ उशीर झाला म्हणून आपल्या देशात रोख भरपाई मिळत नाही. उड्डाण आयत्या वेळी रद्द झाले, योग्य सूचना दिली नाही आणि कारण कंपनीच्या हातातले होते, तर मिळते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,०००; किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप अशी कारणे यातून वगळलेली आहेत. आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकून आपल्याला दारातून परत पाठविले आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भाड्याच्या दुप्पट किंवा चौपट, पण अनुक्रमे १०,००० आणि २०,००० रुपयांच्या मर्यादेत, भरपाई आहे. एकच तागा दोघांना विकणे हा ज्या धंद्यात गृहीत धरलेला व्यवहार आहे, त्या धंद्यासाठी ही रक्कम मला अल्पच वाटते. अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारासाठी ये-जा करणाऱ्या आपल्या बंधूंची स्थिती बरी आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली, तिथल्या विमानतळावरून निघणारे विमान तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले आणि दोष कंपनीचा असला, तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत हक्काने मागता येतात, मग कंपनी कोणत्याही देशाची असो.

परदेशी जाताना जेवणाची चिंता वेगळीच. लांबच्या विमानांत जैन भोजनासाठी "व्हीजेएमएल" असा सांकेतिक शब्द आहे. तिकीट काढताना किंवा निदान एक-दोन दिवस आधी तो नोंदवावा लागतो. "एव्हीएमएल" हे हिंदू पद्धतीचे शाकाहारी जेवण; त्यात कांदा-बटाटा येऊ शकतो, आणि पुष्कळ जण तिथेच फसतात. अडचण अशी, की विमान चुकले आणि कंपनीने दुसऱ्या विमानात बसविले, तर माणूस जातो आणि त्याचे जेवण पुष्कळदा मागे राहते. नवे तिकीट हाती येताच जेवणाची नोंद पुन्हा विचारून घ्यावी. उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्यांना २००६ पासून आणखी एक अडसर आला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतले पाणी तपासणीपलीकडे नेता येत नाही. पोलादी बाटली रिकामी न्यावी आणि आतल्या चहावाल्याकडून उकळते पाणी भरून घ्यावे, हा माझ्या मेहुणीचा अनुभवसिद्ध उपाय आहे.

गंमत अशी, की आरंभीच्या काळात विमानेही सूर्यास्त पाळीत. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते दिवसाउजेडी. प्रशांत महासागरावरची मोठी विमाने रात्री बेटांवर मुक्काम करीत आठवडाभराने पैलतीर गाठीत. अशाच एका प्रवासात, १९३९ साली, सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली, आणि त्या बोलण्यातून पुढे १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आपल्याच समाजातल्या माणसाने देशाला विमानाचा कारखाना दिला, याचा अभिमान वाटतोच. पण सहप्रवाशाशी बोलायला सवड देणारे ते प्रवास कसे असतील, याचेच मला अधिक कुतूहल आहे. कोल्हापूरच्या विमानतळावर अलीकडेपर्यंत रात्री उतरण्याची सोय नव्हती. आमच्या घरी त्याला थट्टेने "चौविहारी विमानतळ" म्हणत.

गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना आईच्या संदर्भात आठवतात. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले एक विमान धुक्यामुळे मुंबईत उतरविले गेले आणि कंटाळलेले प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. छायाचित्र देशभर गाजले, दंड झाले. आईने ते चित्र निरखून पाहिले आणि म्हणाली, "निदान खाली बसून जेवली बिचारी." दुसरी घटना २०२५ च्या डिसेंबरातली. देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर. लोकांची लग्ने, शस्त्रक्रिया, परीक्षा अडल्या. इतर कंपन्यांचे भाव असे चढले, की सरकारला कमाल भाडे ठरवावे लागले: पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि पंधराशेच्या पुढे १८,०००. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम, ज्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली होती, हे त्याचे कारण सांगितले गेले. आमच्या पेढीवरच्या गप्पांत कोणी त्या नियमांनाच दोष दिला. मला तो पटला नाही. नियम जानेवारी २०२४ पासून ठाऊक होते. मुनीमाला दिवाळीची सुट्टी द्यायची आहे हे दुकानदाराला वर्षभर आधी माहीत असते. दिवाळीला दुकान बंद पडले तर दोष सुट्टीचा नसतो. आणि ज्याच्या हाती दीडशे-दोनशे जीव आहेत, त्याची झोप पुरी व्हावी, हे आपल्याला तरी कोणी पटवून द्यायला नको.

शिखरजीची वंदना उत्तम झाली. पहाटे तीनला डोलीत बसलेली आई पारसनाथांच्या टोकावर शेवटच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढली. परतीची विमानाची तिकिटे काढलेली होती. मधुबनच्या धर्मशाळेत तिने ती रद्द करायला सांगितले. किती पैसे कापले जातील हे विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

हावड्याहून रेल्वेने निघालो. गाडी पुण्याला दुसऱ्या रात्रीनंतर पोहोचणार होती. वाटेत एका मोठ्या स्थानकाच्या अलीकडे ती थांबली आणि बराच वेळ हलली नाही. तिकीट तपासनीस डब्यातून जाताना आईने त्याला विचारले. तो म्हणाला, "मावशी, पुढे काम चालू आहे. दोन तास तरी नाही हलणार."

आईने घड्याळ पाहिले. पावणेचार झाले होते. तिने पिशवीतून स्वच्छ धुतलेला पंचा काढला, खालच्या बाकावर अंथरला, मांडी घातली आणि डबा उघडला.